मोतीरामभाऊंचं अरिझोना

मोतीराम खरात हा माणूस शांत बसलेला मी कधी पाहिलेला नाही. बजाजनगरात आमचं घर त्यांच्या घराला लागून आहे आणि मधली भिंत एकच, त्यामुळे त्यांच्या येरझाऱ्या मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येतात. वाळूजच्या एका कंपनीत त्यांनी फिटर म्हणून उमर घालवली, पण ते कंपनीत काय करायचे हे आता कुणाला आठवत नाही. लोकांना आठवतात ते निवडणुकीतले मोतीरामभाऊ. ग्रामपंचायत असो की लोकसभा, आमच्या बूथवर एजंट म्हणून तेच. आत जाऊन बसायच्या आधी गल्लीतल्या प्रत्येक दाराची कडी वाजवून जाणार. "बाई, चहा नंतर. आधी मत." मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली सगीरा, सकाळी सकाळी मला कुणी घाई केलेली अजिबात खपत नाही. दर निवडणुकीला मी त्यांच्यावर चिडते आणि दर निवडणुकीला चहा न घेताच मत देऊन येते.

चोवीस सालच्या दिवाळीच्या सुमारास मात्र वेगळंच घडलं. विधानसभा तोंडावर आलेली. भोंगे लावलेल्या रिक्षा गल्लीत शिरून बाहेर कसं पडायचं म्हणून अडून बसायच्या. सगळ्या पक्षांची माणसं मोतीरामभाऊंच्या ओट्यावर येऊन बसायची, कारण कोणत्या घरात कुणाचं ऐकतात हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. आणि मोतीरामभाऊ त्यांना काय सांगायचे? "थांबा जरा. आधी आमचं अरिझोना होऊन जाऊ द्या."

बिचारे एकमेकांच्या तोंडाकडे बघत निघून जायचे. अरिझोना म्हणजे एखादी नवी वसाहत असावी असंच त्यांना वाटत असणार.

अरिझोना अमेरिकेत आहे आणि तिथल्या एका दवाखान्यात मोतीरामभाऊंची रूपा नर्स आहे. माझ्या हाताखाली चौथी झालेली मुलगी. जाऊन बरीच वर्षं झाली. लग्नही तिकडंच, दवाखान्यातल्याच एका केरळी मुलाशी. आडनाव मात्र तिनं खरातच ठेवलं. आदल्या वर्षी तिला तिकडचं नागरिकत्व मिळालं, तेव्हा इथला पासपोर्ट गेला आणि त्याबरोबर इथलं मतही गेलं. यादीत तिचं नाव तसंच पडून राहिलं असतं तरी कुणी विचारायला आलं नसतं. आमच्या यादीत मेलेली माणसंसुद्धा सुखानं नांदतात. पण मोतीरामभाऊ स्वतः जाऊन पोरीचं नाव कमी करून आले. त्या दिवशी ते जेवले नाहीत असं त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी मला भिंतीपलीकडून सांगितलं.

म्हणून अरिझोनातलं हे पहिलं मत म्हणजे त्यांच्या जिवाचा प्रश्न होऊन बसला होता. "इथलं म्या माझ्या हातानं काढलं," ते म्हणायचे. "आता तिथलं नीट पडलं पायजे. नायतर माझ्या पोरीचं मत जगात कुठंच नाय."

संध्याकाळी ओट्यावर आमची सभा भरायची. माझे मियाँ मुबारक उस्मानपुऱ्यातलं स्पेअर पार्टचं दुकान बंद करून यायचे, लक्ष्मीबाई भाजी निवडत बसायच्या आणि मोतीरामभाऊ उभे. ते बसून बोलूच शकत नाहीत.

"बाई, पन्नास राज्यं हायत, पण त्यातल्या त्रेचाळीसांचं आजच ठरलेलं हाय. तिकडं कुणी ढुंकून बघत नाय. भांडण सात राज्यांचं. त्यात आपलं अरिझोना. मागच्या वक्ताला तिथं दहा-साडेदहा हजारांचा फरक होता. अख्ख्या राज्यात. एवढी माणसं तर आपल्या बजाजनगरातून निघत्यात."

"लेकिन असली खेळ मिशिगनमें है," मुबारक म्हणायचे. "तिथं अरब लोक आहेत, गाझामुळं नाराज बैठे हैं. ते त्या दिवशी घरातून निघालेच नाहीत, तर काय करशील?"

"तेच तर म्हणतोय मुबारकभाई. कोण कुणाला देतो ते सोडा, कोण घरातून निघतो ते बघा."

रूपाचा फोन आला की तीही भर घालायची. दवाखान्यात सगळे अंड्यांच्या भावाबद्दल बोलतात, म्हणायची. एकीला सीमेवरून येणाऱ्या लोकांची भीती वाटते; दुसरीला गर्भपाताचा हक्क जाईल याची. तिच्या शेजारचा पोरगा म्हणतो, दोघंही सारखेच, मी जाणारच नाही. मोतीरामभाऊंनी हे सगळं कान देऊन ऐकलं आणि फक्त त्या पोराचं नाव विचारलं. त्याला घराबाहेर काढायला कोण जाणार, ही चिंता त्यांना बजाजनगरात बसून लागली होती. मला हसू यायचं आणि रागही यायचा. आपल्या चौकातला खड्डा दोन पावसाळे जुना झालाय आणि हे गृहस्थ अमेरिका सांभाळतायत.

मला खरी उत्सुकता होती ती रूपा कुणाला मत देणार याची. एक बाई उभी, एक गडी उभा. मी एकदा विचारलं तर मोतीरामभाऊंचा चेहराच उतरला. "बाई, तुम्ही शाळेच्या बाई असून असं इचारता?" मी पुन्हा विचारलं नाही.

तर ऑक्टोबरात रूपाच्या घरी मतपत्रिका टपालानं आली. तिच्या ड्यूट्या बारा-बारा तासांच्या, रांगेत उभं राहायला सवड कुठली? तिकडं बरेच लोक असंच घरी बसून मत लिहितात, पाकिटात घालतात, पाकिटावर सही करतात आणि टपालात टाकतात. रूपानं ते सगळं वेगळ्या खोलीत जाऊन केलं, कारण बापाची शिस्त. मग बाहेर येऊन चिकटवलेलं पाकीट तिनं व्हिडिओवर आम्हाला दाखवलं.

"सही बघा पप्पा," म्हणाली.

पाकिटावर ठळक मराठीत लिहिलं होतं, रूपा मोतीराम खरात. मोतीरामभाऊ त्या दिवशी पहिल्यांदा खुर्चीत बसले.

ही सही कुठून आली ते सांगायला हवं. मोतीरामभाऊंची आई मनकर्णाबाई. वैजापूरकडच्या खेड्यातून पोराच्या मागं वाळूजला आली, जन्मभर अंगठा लावत आली. नव्वदीच्या सुरुवातीला साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा मी नवी मास्तरीण होते आणि संध्याकाळी शाळेच्या व्हरांड्यात बायकांना शिकवायचे. बाकीच्या बायका पुस्तक उघडायच्या, मनकर्णाबाईनं पहिल्याच दिवशी सांगितलं, "मला पुस्तक नगं. माझं नाव दे." तिचं नाव सोपं नव्हतं. त्यातल्या 'र्णा'नं आमचा अख्खा पावसाळा खाल्ला. डोक्यावरचा रफार ती कधी आधीच्या अक्षरावर द्यायची, कधी हवेत सोडून द्यायची. मी चिडायचे, तीही चिडायची, पाटी पुसायची आणि पुन्हा लिहायची.

त्यानंतरच्या निवडणुकीला टेबलावरच्या साहेबानं सवयीनं तिच्यासमोर शाईचं पॅड सरकवलं. तिनं ते परत सरकवलं आणि पेन मागितलं. मी रांगेत मागेच होते. सही करायला तिनं इतका वेळ लावला की मागचे लोक कुरकुरायला लागले, कुणी म्हणालं, म्हातारे, अंगठा दे न् हो पुढं. ती हलली नाही. तिचा पदर धरून लहानगी रूपा उभी होती, आणि आजी काय लिहिते ते टाचा उंच करून बघत होती.

तेव्हापासून खरातांच्या घरात रीत पडली. बँकेत, कंपनीत, कुठंही कशीही सही करा. मताची सही मराठीत आणि पूर्ण नावाची. रूपा अमेरिकेत लायसन्सवर, पगारावर, सगळीकडं इंग्रजीत सही करते. मताच्या पाकिटावर मात्र तिचा हात आपोआप आजीकडं गेला. मोतीरामभाऊंनी ही गोष्ट चौकातल्या चहावाल्यापासून मंगल कार्यालयाच्या वॉचमनपर्यंत सगळ्यांना सांगितली. मीही दोन ठिकाणी सांगितली. अक्षर शेवटी माझं होतं.

भाऊबीजेला रूपानं फोन केला तेव्हा तिच्या तोंडून सहज निघून गेलं. एका अनोळखी नंबरावरून सारखे फोन येतात, मेसेजही आले, तुमच्या मतपत्रिकेच्या सहीत अडचण आहे म्हणून. "फसवणूक करणारे असतात पप्पा. मी उचलतच नाही."

मोतीरामभाऊंच्या हातात करंजी होती. ती त्यांनी ताटात ठेवली आणि नंतर खाल्ली नाही.

"रूपा," ते म्हणाले, "ते फसवणारे नसतील."

नव्हतेच. रूपानं रात्रपाळीच्या मधल्या वेळात चौकशी केली. अरिझोनात पाकिटावरची सही त्यांच्याकडच्या नोंदीतल्या सहीशी ताडून बघतात. त्यांच्याकडं इंग्रजी सही. पाकिटावर ही कुठली अक्षरं, कुणाला कळणार? पाकीट फोडलंच नव्हतं. तसंच बाजूला काढून ठेवलेलं. सही माझीच आहे असं रूपानं कळवलं, तर मत धरणार. नाही कळवलं, तर पाकीट तसंच बंद राहणार आणि मत बाद. मतदानानंतरही त्यासाठी थोडे दिवस मुदत होती.

"मग कळव ना बाई लगेच," लक्ष्मीबाई म्हणाल्या.

"कळवते गं. सलग ड्यूट्या आहेत. बघते."

ते 'बघते' मोतीरामभाऊंच्या डोक्यात बसलं. मतदाराच्या तोंडच्या 'बघतो'चा अर्थ त्यांना पुरता ठाऊक होता. आयुष्यभर त्यांनी तोच शब्द मोडून काढला होता. इथं असती तर त्यांनी दारात रिक्षा उभी केली असती, तिच्या लहानग्या पोराला सांभाळायला शेजारीण बसवली असती, दवाखान्यातल्या मोठ्या बाईंना जाऊन भेटले असते. तिथं कुणाची कडी वाजवणार? रात्रभर भिंतीपलीकडं त्यांची पावलं. दिवसा ओट्यावरून फाटकापर्यंत, फाटकातून ओट्यावर. "माझ्यामुळं झालं बाई," एवढंच म्हणायचे. "इंग्रजीत केली असती तर कवाच मोजून झालं असतं."

पक्षाची माणसं आली, त्यांना त्यांनी पाणीसुद्धा विचारलं नाही.

मग अमेरिकेत मतदान झालं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून टीव्ही चालू, एकेक राज्य पडत गेलं आणि दुपारनंतर सांगूनही टाकलं की गडी जिंकला. ज्या निवडणुकीचं महिनाभर चुरस, काट्याची टक्कर म्हणून ऐकलं, ती एका जेवणाच्या वेळेत उरकली. मुबारकनी रिमोट ठेवला. "खतम. चलो."

"अरिझोनाचं मोजून झालं नाय अजून," मोतीरामभाऊ म्हणाले.

"अरे, त्याची गरजच नाही उरली."

"गरज कुणाला?"

संध्याकाळी रूपाचा फोन आला. आवाज थकलेला. "पप्पा, लागला निकाल. आता त्या सहीचं काय करायचंय? परवा सुट्टी आहे, झोपते जरा. पुढच्या वेळी इंग्रजीत करेन." ज्या माणसानं तापानं फणफणलेल्या माणसाला खाटेवरून उठवून बूथवर नेलंय, तो पोरीला "झोप बाळा" म्हणाला आणि फोन लक्ष्मीबाईंकडं देऊन टाकला.

आणि मी काय केलं? मलाही त्या येरझाऱ्यांचा वैताग आला होता. मी म्हणाले, "मोतीरामभाऊ, निकाल लागल्यावर एका मताचं काय लोणचं घालायचंय? सोडा आता."

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला माझीच लाज वाटली. दुसऱ्या दिवशी ते ओट्यावर आले नाहीत. भिंतीपलीकडून पावलंही ऐकू आली नाहीत, आणि ते मला येरझाऱ्यांपेक्षा अवघड गेलं. शेवटी मीच गेले. आतल्या खोलीत भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, त्यांच्या खाली मनकर्णाबाईचा फोटो. त्याच्यासमोर ते पलंगावर पडले होते.

"बाई, तुम्हाला आयेची सही ठाऊक हाय," ते उठून बसत म्हणाले. "पुढचं ठाऊक नाय. तवा कागदावर शिक्का मारायचे. शिक्का रेघेवर पडला की मत बाद. मोजणीला म्या आत होतो. बाद कागदांची चळतच्या चळत बघितली. घरी आलो तर आये दारात. वाटलं, कोण निवडून आलं ते इचारल. तिनं काय इचारलं? माझं मोजलं का रं? म्हणली, सही केली, पर शिक्का मारताना हात कापला माझा. माझं त्या बादमधी तर नाय गेलं?"

"मग?"

"म्या म्हणलं, मोजलं आये. मला काय ठाऊक? सगळे कागद मिसळलेले. कुणालाच कळायचं नाय. ती मरस्तवर दर निवडणुकीला इचारायची, आणि म्या मोजलं, मोजलं म्हणायचो. रूपा म्हणती, तिथं आपलं मोजलं का नाय ते मोबाइलवर दिसतं. आपलं एकट्याचं. बाई, एवढी सोय असून पोरगी झोपती म्हणती."

त्यांचे डोळे भरून आले होते. मी तिथं फार वेळ बसले नाही. घरी येऊन रूपाला फोन लावला. तिकडं सकाळ होती, ती नुकतीच पाळी संपवून आली असावी.

"बाई, पप्पांनी सांगितलं ना फोन करायला?" तिनं लगेच ओळखलं.

"त्यांनी नाही सांगितलं. ते नुसते पडून आहेत."

मग मी तिला मनकर्णाबाईचा तो प्रश्न सांगितला. सही तिनं पाहिली होती, पण प्रश्न तिला माहीत नव्हता. आजीनं तो मुलालाच विचारला होता, आणि मुलानं कुणाला सांगितला नव्हता. "अंघोळ करते आणि निघते," ती म्हणाली. "फोनवरही होतं म्हणे. पण मी जातेच."

पुढचं तिनं नंतर आम्हा सगळ्यांना एकत्र सांगितलं. निवडणुकीच्या ऑफिसात गर्दी होती, हिच्यासारखे बरेच जण सहीसाठी आलेले. खिडकीपलीकडं एक म्हातारी बाई. तिनं हिचं ओळखपत्र बघितलं, पाकीट काढलं, अक्षरांकडं कुतूहलानं बघितलं आणि म्हणाली, पाकिटावर केलीय तशीच माझ्यासमोर पुन्हा करा. "मी इतक्या दिवसांत मराठी कुठं लिहिते, पप्पा? घाईत केली होती तेव्हा आली. समोर कुणी बघत बसल्यावर पहिल्याच अक्षरावर अडले. मागं रांग. मी म्हटलं, सॉरी, वेळ लागतोय. तर ती म्हणाली, सावकाश लिहा." रूपा थोडं थांबली. "मग मी आजीला लागला होता तेवढा वेळ घेतला. आणि पप्पा, ती सही त्यांनी नोंदीत ठेवून घेतली. पुढच्या वेळी इंग्रजीत करायची गरज नाही."

"लिहिलीस नीट?" मी विचारलं. शिक्षकाची खोड जात नाही.

"तुम्ही रागावला नसता, बाई."

तरीही मोतीरामभाऊ बसले नाहीत. मान्य झालं म्हणजे मोजलं असं नाही, म्हणाले. पुन्हा फाटक ते ओटा, ओटा ते फाटक. तोवर अरिझोनाही गड्याकडंच गेल्याचं सांगून झालं होतं आणि जगानं तो विषय मिटवला होता. आमच्या गल्लीत मात्र भोंग्यांचा आवाज आणखी वाढला.

एका सकाळी मी चहाचं आधण ठेवलं तेवढ्यात दाराची कडी वाजली. मोतीरामभाऊ, पायात चप्पल नाही, हातात मोबाइल. रूपानं काहीतरी पाठवलं होतं, इंग्रजीत. त्यांना तेवढं इंग्रजी येतं, हे मला माहीत आहे. कंपनीत मशीनची पुस्तकं वाचत होते. पण त्यांना ते दुसऱ्याच्या तोंडून हवं होतं.

"वाचा, बाई."

मी चष्मा लावला. दोनच ओळी होत्या. "तुमची मतपत्रिका मिळाली आहे," मी मराठीत सांगितलं. "सही मान्य झाली आहे. आणि तुमचं मत मोजलं गेलं आहे."

"पुन्यांदा वाचा."

मी पुन्हा वाचलं. त्यांनी मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि तसेच अनवाणी घरात गेले. मी दारापर्यंत मागं गेले. ते आईच्या फोटोसमोर उभे होते, आणि फोटोला दिसावा असा मोबाइल त्यांनी समोर धरला होता.

"आये, मोजलं," ते म्हणाले. "ह्या खेपेला बघून सांगतोय."